आस्मानीचे दप्तर : सोलापूर प्रांतातील दुष्काळाची साधने आणि हवामानबदलाचे लोकशिक्षण

(१)

मराठ्यांच्या इतिहासाच्या अस्सल साधनांत 'आस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द पदोपदी आढळतो. रयत परागंदा का झाली, जमा का तुटली, गाव वैराण का पडला, याचे कारण सांगताना जुना कारकून या एका शब्दावर भागवितो. इतिहाससंशोधकांनी या जोडशब्दाच्या उत्तरार्धाचा शोध अत्यंत कसोशीने केला आहे. कै. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला व १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून स्वाऱ्या, तह, वतने, निवाडे आणि वंशावळी यांच्या कागदांचे डोंगर उपसले गेले. पूर्वार्धाकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. पावसाचा, धारणेचा, विहिरी आटल्याचा किंवा गुरे छावणीस नेल्याचा उल्लेख असलेला कागद हाती आला, तर तो 'किरकोळ' म्हणून रुमालाच्या तळाशी जातो आणि पुष्कळदा वाळवीच्या मुखी पडतो.

हे दप्तर आता किरकोळ राहिलेले नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पृथ्वीचे हवामान मनुष्याच्या कृतीने बदलत आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो लोकांपर्यंत ही गोष्ट कोणत्या वाटेने पोहोचावी आणि ती पोहोचल्यावर त्यांनी काय करावे, याविषयी. या कार्यात जुन्या कागदांच्या संग्राहकाला एक निश्चित स्थान आहे. आणि ते त्याने घेतले नाही तर दुसरा कोणीही ते घेऊ शकणार नाही, कारण मोडी वाचणारे डोळे थोडे आणि कागदांचे आयुष्य त्याहून थोडे. विवेचनास सोलापूर प्रांत निवडला आहे, तो पर्जन्यछायेतील प्रदेश म्हणून, आणि दुष्काळाच्या प्रसंगी लोकशिक्षणाचा एक बोलका प्रयोग येथे झाला म्हणून.

(२)

प्रथम पर्जन्यमापनाच्या प्राचीनत्वाविषयी थोडे. पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो खरा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागारासमोर एक अरत्नि रुंदीच्या तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे विधान आहे, आणि सीताध्यक्षाच्या प्रकरणात निरनिराळ्या देशांचे वर्षप्रमाण द्रोणांत दिले आहे. जांगल देशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस, अपरांतास म्हणजे कोकणास अमित. यातच अश्मक देशाचा आकडा आहे. अश्मक म्हणजे गोदावरीतीराचा प्रदेश. आपल्या दख्खनच्या पठाराचा पर्जन्यविषयक जुन्यात जुना आकडा तो हाच. मूळ पद 'अर्धत्रयोदश' असे असून शामशास्त्र्यांच्या भाषांतरात त्याचा अर्थ साडेतेरा दिलेला आहे. परंतु 'अर्धतृतीय' म्हणजे अडीच, या संस्कृत संख्यारीतीस अनुसरून येथे साडेबारा असाच अर्थ घेणे प्रशस्त दिसते. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट होते की, त्या ग्रंथातील देशवार यादीत सर्वांत कमी पाऊस अश्मकांचा आहे. अर्थात आमच्या पठाराचे अवर्षण ही कालची गोष्ट नव्हे.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पर्जन्याच्या गर्भलक्षणांवर आणि प्रवर्षणावर स्वतंत्र अध्याय लिहिले असून पन्नास पलांचा आढक व चार आढकांचा द्रोण हे मानही सांगितले आहे. गुढीपाडव्यास पंचांगातील संवत्सरफल वाचताना मेघ व आढक यांचा जो उल्लेख होतो, तो या जुन्या मापनपरंपरेचाच अवशेष होय. मापन लोपले आणि भाकीत उरले, एवढाच काय तो फरक.

येथे संग्राहकांच्या ध्यानात एक गोष्ट आणून द्यावीशी वाटते. अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्र्यांच्या हाती आली व १९०९ साली तिचे मुद्रण झाले. तत्पूर्वी शतकानुशतके ती कोणाच्या तरी घरी बासनात पडून होती. ते बासन तसेच कुजले असते, तर कुंड, द्रोण आणि अश्मकांचा तो आकडा यांची वार्ताही आपणांस लागली नसती.

(३)

आता सोलापूर प्रांताकडे वळू. या नगराचे जुने नाव सोन्नलिगे. बाराव्या शतकात होऊन गेलेले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे येथील ग्रामदैवत. त्यांच्या वचनांनी कन्नड वाङ्मयात मानाचे स्थान मिळविले आहे, परंतु सोलापूरकर त्यांना मुख्यतः ओळखतात ते तलाव खोदणारा सिद्ध पुरुष म्हणून. राघवांक कवीने तेराव्या शतकात रचलेल्या सिद्धराम चरित्रात त्यांच्या या लोककार्याचे वर्णन आहे. अध्यात्माच्या मार्गावरील पुरुषाने आपल्या अनुयायांच्या हाती कुदळ द्यावी आणि जलसंचय हेच उपासनेचे अंग मानावे, ही गोष्ट पर्जन्यछायेतील प्रदेशाच्या अनुभवातूनच उद्भवलेली आहे. उपदेश आणि कृती यांचा असा मेळ आमच्या नगराच्या पायातच घातलेला आहे.

याच प्रांतातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वश्रुत आहे. बेदरच्या बादशहाचे अंमलदार असताना त्यांनी दुष्काळात सरकारी कोठार रयतेस लुटविले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने त्यांचा भरणा केला, असे महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात वर्णिले आहे. दामाजीपंत पंधराव्या शतकातले मानले जातात. म्हणजे ग्रंथ आणि घटना यांत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे. कथेतील चमत्कार भक्तांसाठी सोडून संशोधकाने इतकेच घ्यावे की, पंधराव्या शतकातील एका भीषण दुष्काळाची स्मृती या प्रांतात तीन शतके जिवंत होती. त्या स्मृतीने ज्याला पुण्यश्लोक ठरविले तो पुरुषही लढवय्या नव्हता. योग्य वेळी कोठार उघडणारा अंमलदार होता. त्याही पूर्वीचा 'दुर्गादेवीचा दुष्काळ' चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे चालला, अशी परंपरा आहे. बारा हा आकडा परंपरेचा समजून वापरावा.

१६३० ते १६३२ च्या दुष्काळाची साधने याहून भक्कम आहेत. अब्दुल हमीद लाहोरीने बादशहानाम्यात दख्खन व गुजराथ येथील हाहाकार नोंदविला आहे. पीटर मंडी हा इंग्रज १६३० साली सुरतेहून आग्र्यास जाताना वाटेवरील प्रेतांची वर्णने लिहून गेला आहे. आणि देहूस तुकोबांची प्रथम पत्नी याच दुष्काळात अन्नान्न करीत गेली, हे त्यांच्या अभंगांवरून ज्ञात आहे. फार्सी दरबारी इतिहास, परक्या व्यापाऱ्याची दैनंदिनी आणि संताची वाणी अशी तीन परस्परांस अनभिज्ञ साधने एकाच आपत्तीची साक्ष देतात, तेव्हा संशोधकास याहून उत्तम प्रमाण कोणते हवे? त्या आपत्तीत आधी पाऊस तुटला व पुढे अतिवृष्टीने उरलेसुरले पीक नेले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे १७८९ ते १७९२ चा कवटीचा दुष्काळ आला. आणि १८०३-०४ चा दुष्काळ तर आस्मानी व सुलतानी यांचे मूर्तिमंत मीलनच होय, कारण होळकर व पेंढारी यांच्या लुटीने आधीच उद्ध्वस्त झालेल्या मुलुखावर पावसाने पाठ फिरविली.

(४)

इंग्रजी अंमलातील १८७६-७८ चा दुष्काळ हा या प्रांताच्या इतिहासातील सर्वांत मोठा घाव. १८७२ च्या खानेसुमारीत सोलापूर जिल्ह्याची वस्ती सुमारे ७ लाख १९ हजार होती. १८८१ साली ती सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. नऊ वर्षांत शेकडा १९ ची घट. हे सर्वच लोक मृत्युमुखी पडले असे मात्र म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेस लागूनच निजामाचा मुलूख असल्याने पुष्कळ कुटुंबे पोटामागे तिकडे गेली. किती गेली आणि किती मेली, याचा निवाडा सरकारी आकड्यांतून होत नाही. तो झालाच तर गावकुलकर्ण्यांच्या दप्तरांतून आणि कुळांच्या नोंदींतून होईल. संग्राहकाचे काम कोठे सुरू होते, हे या एका उदाहरणावरून दिसेल.

या दुष्काळात लोकजागृतीचे कार्य दोन बाजूंनी झाले. पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्या. रानडे यांच्या प्रेरणेने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसांकरवी माहिती मिळवून ती सरकारपुढे व जगापुढे मांडली. दुष्काळी कामांवरील मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने कमी करण्यात आली, त्यास सभेने आकड्यांनिशी विरोध केला. दुसरीकडे जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनी १८७७ साली धनकवडीस अनाथ मुलांसाठी आश्रम उघडला. जोतीरावांनी पुढे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पावसाचे पाणी व त्याबरोबर वाहून जाणारी कसदार माती शेतातच जिरावी, यासाठी ताली व बंधारे घालण्याचा मार्ग सुचविला. आज ज्यास मृदा व जलसंधारण म्हणतात, त्याची ही मराठीतील एक आरंभीची मांडणी होय.

याच काळात निसर्गाचे कोडेही उलगडू लागले होते. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली, म्हणजे या दुष्काळाच्या आदल्याच वर्षी स्थापन झाले. पुढे १९०४ साली खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचे वायुभाराचे आकडे जुळवून पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील वायुभाराचा हिंदोळा दाखवून दिला. पॅसिफिकचे पाणी तापण्याच्या ज्या घटनेस एल निनो म्हणतात, तिचा या हिंदोळ्याशी आणि आपल्या मोसमी पावसाशी निकट संबंध आहे. १८७७, १८९९, १९७२, २०१५ आणि २०२३ ही सर्व एल निनोची वर्षे. पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापावा आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी करपावी, हा संबंध जुन्या कारकुनास ठाऊक नव्हता. पण त्याने लिहून ठेवलेली 'पर्जन्य नाही' ही दोन अक्षरे त्याच संबंधाची साक्ष देत होती.

(५)

१८९६ साल हे आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण होय. त्या वर्षी स्वीडन देशी आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन विदुषीने आणि १८५९ पासून टिंडल याने त्या वायूचे उष्णताधारक गुण प्रयोगाने दाखविले होतेच. त्याच १८९६ साली दख्खनमध्ये पाऊस तुटला, आणि टिळकांनी 'केसरी'तून दुष्काळी कायद्याचे लोकशिक्षण आरंभिले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तथापि आज या दोहोंचा संबंध आपण जोडला पाहिजे.

१८७६-७८ नंतर बसलेल्या दुष्काळ कमिशनने १८८० साली अहवाल दिला व त्यावरून दुष्काळनिवारणाची संहिता तयार झाली. परंतु संहिता इंग्रजीत आणि रयत मराठीत! सरकारने कोणत्या परिस्थितीत काम द्यावे, सारा केव्हा तहकूब करावा, अपंगांस मदत कशी मिळावी, हे सर्व छापलेले असून ज्याच्यासाठी छापले त्यासच त्याची वार्ता नव्हती. टिळक आणि सार्वजनिक सभा यांनी या तरतुदी सोप्या मराठीत समजावून दिल्या आणि गावोगाव माणसे पाठवून लोकांना सांगितले की, ही भीक नव्हे, हा तुमचा हक्क आहे. सरकारचा रोष झाला व १८९७ साली सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली. शिक्षण खरोखर परिणामकारक झाल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

या प्रकरणाचा सोलापूरशी साक्षात् संबंध आहे. दुष्काळी काम म्हणजे खडी फोडणे वा माती वाहणे. शेतकऱ्यास ते जमते. परंतु ज्याचा हात सुताच्या धाग्यावर बसलेला, त्या कोष्ट्यास वा पद्मशाली विणकरास खडी फोडावयास लावणे म्हणजे त्याचा धंदा कायमचा मोडणे होय. टिळकांनी स्वतः सोलापूर व नगर येथे येऊन स्थानिक व्यापाऱ्यांशी विचारविनिमय केला, आणि विणकरांना त्यांच्याच मागावर काम द्यावे व त्यातील तोट्याचा भार स्थानिक समिती व सरकार यांनी वाटून घ्यावा, अशी योजना आखली. सरकारने ती स्वीकारली नाही. परंतु आपत्तीची झळ सर्वांस सारखी लागत नाही आणि म्हणून उपायही सर्वांस एकच चालत नाही, हे तत्त्व त्या योजनेत स्पष्ट होते. आज भवानी पेठेत आणि तिच्या पूर्वेकडील वस्त्यांत पत्र्याच्या छपराखाली यंत्रमाग चालतात व घरोघर बायका विड्या वळतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर चढला म्हणजे त्या छपराखाली काय होते, हे ध्यानी घेतले तर विणकरांचा १८९६ चा प्रश्न आजही तसाच उभा आहे, हे कळून येईल. फरक इतकाच की, तेव्हा आस्मानी अवर्षणाच्या रूपाने आली, आज ती उष्म्याच्याही रूपाने येते.

(६)

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कारण तो आपल्याच वर्तुळात अधिक ऐकू येतो. 'दुष्काळ पूर्वीही पडत होते. दुर्गादेवी काय, कवटी काय, छप्पन्न काय! तेव्हा कोठे होते कारखाने आणि मोटारी? मग आजच हवामान बदलले, हा बोभाटा कशासाठी?' जुन्या कागदांत वावरणाऱ्यास हा युक्तिवाद गोड वाटतो. परंतु त्यात हेत्वाभास आहे. पूर्वी वणवे विजेने लागत, यावरून आज कोणी काडी लावीतच नाही, असे सिद्ध होत नाही. एल निनोचा हिंदोळा पुरातन आहे. परंतु ज्या भूमीवर तो झुलतो तिचीच उष्णता आता चढत आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सुमारे २८० भाग होते. ते आता ४२० च्या वर गेले आहे. १८५० ते १९०० या कालखंडाच्या सरासरीहून २०२४ सालचे जागतिक तापमान सुमारे दीड अंशाने अधिक भरले. मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या अवधीत सुमारे तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. उष्ण हवा अधिक बाष्प धरते व ते एकदम सोडते, हे त्याचे साधे कारण.

सोलापूर जिल्ह्याचा अलीकडचा अनुभव याशी जुळतो. २०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने अवर्षणग्रस्त म्हणून प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात पूर आणला. २०२३ साली पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मृतसाठ्यात खोल गेले. त्याच पावसाळ्यात ते पुन्हा भरले. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतील शेते खरवडून नेली. एखाद्या वर्षाच्या घटनेवरून सिद्धांत काढू नये, हे खरे. परंतु कोरड व पूर यांचे हे जवळजवळ येणे शास्त्राने सांगितलेल्या दिशेचेच आहे.

उलट प्रकारचा मोहही टाळला पाहिजे. 'पूर्वी मृगाचा पाऊस हटकून सातव्या जूनला पडे' असे वृद्ध सांगतात आणि वर्तमानपत्रे छापतात. कागद तसे म्हणत नाहीत. शिवाय येथे कालगणनेचा एक सूक्ष्म मुद्दा आहे. पावसाची नक्षत्रे निरयन सूर्यावर अवलंबून असतात. त्यामुळे ग्रेगोरियन तारखेच्या मानाने ती साठ-सत्तर वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकतात. १६३० सालच्या मृगारंभाची तारीख आजच्या मृगाच्या तारखेहून पाच-सहा दिवस अलीकडची निघेल. तसेच १७५२ पूर्वीच्या इंग्रजी कागदांतील तारखा जुन्या पद्धतीच्या असल्याने सतराव्या शतकापुरता त्यांत आणखी दहा दिवसांचा फरक धरावा लागतो. हा हिशेब न करता 'मृग लांबला' असे विधान करणे म्हणजे शक जुळविल्याविना निवाडा छापण्यासारखे आहे. येथेच सुहूर सनाचे स्मरण होते. मराठेशाहीच्या दप्तरांतील या सनाचा आरंभ सूर्य मृगात जाण्याने होई, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. ज्या राज्याचे वर्षच पावसाने उजाडत होते, त्या राज्याच्या दप्तरात पावसाची साक्ष न मिळेल तरच नवल.

(७)

ही साक्ष कोणकोणत्या कागदांत मिळते, ते संग्राहकांच्या सोयीसाठी संक्षेपाने सांगतो. तगाईचे कागद, कौलनामे आणि चढत्या साऱ्याचे इस्तावे हे आपत्तीनंतर पुनर्वसाहत कधी व किती काळाने झाली ते सांगतात. पाहणीचे कागद व आणेवारीचे आकडे पीक किती आले ते सांगतात. रुपया शंभर पैशांचा झाला तरी खेड्यात आजही 'आणेवारी' हाच शब्द चालतो. सावकार व व्यापारी यांच्या वह्यांत धान्याची धारण मिळते. देवस्थाने व मठ यांच्या हिशेबांत अन्नछत्राचा खर्च वाढल्याचे अथवा पर्जन्यासाठी अनुष्ठान घातल्याचे दिसते. पंचांगांच्या समासांत घरच्या कर्त्या पुरुषाने पावसाच्या, विहिरीच्या, पेरणीच्या नोंदी केलेल्या असतात. ही पंचांगे शिळी म्हणून प्रथम रद्दीत जातात. महाराष्ट्रभर चालणारे दाते पंचांग सोलापुरातूनच निघते. अशा नगरात तरी जुनी पंचांगे समास पाहिल्याशिवाय टाकली जाऊ नयेत.

या साधनांचा उपयोग करताना दोन पथ्ये पाळावीत. धारण चढली म्हणजे दुष्काळच पडला असे नाही. लष्कर उतरले तरी ती चढते. आणि सूट मागणारा अर्ज आपत्ती फुगवून सांगतो, तर वसुली करणारा कागद ती झाकतो. दोहोंचा ताळा घ्यावा. जपानात क्योटो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून दरबारी दैनंदिन्यांतून जमविल्या गेल्या. त्या ओळीत २०२१ सालचा बहर बाराशे वर्षांत सर्वांत लवकर आल्याचे आढळले. फ्रान्सात द्राक्षांच्या तोडणीच्या तारखांवरून लेरॉय लादुरी या इतिहासकाराने हवामानाचा इतिहास १९६७ साली ग्रथित केला. आमच्याकडे सर हेरॉल्ड मान यांनी १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई इलाख्याच्या दख्खन भागाच्या पावसाचा व दुष्काळाचा अभ्यास केला, तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. १८६५ च्या मागे जावयाचे तर मापकयंत्राचे आकडे विरळ होत जातात आणि मोडी कागद हेच मुख्य साधन उरते.

(८)

आता या सर्वांचा लोकशिक्षणाशी संबंध. १९९२ च्या जागतिक हवामान कराराच्या सहाव्या कलमात व २०१५ च्या पॅरिस कराराच्या बाराव्या कलमात लोकशिक्षण व लोकजागृती ही राष्ट्रांची कर्तव्ये म्हणून नमूद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण शाळांतून द्यावे असा आदेश दिला. महाराष्ट्र सरकारने २०२० साली 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. तेव्हा आज्ञांची उणीव नाही. उणीव आहे ती विषय आपला वाटण्याची. पाठ्यपुस्तकात ध्रुवावरील अस्वल व वितळणारे हिमखंड येतात. सीनेकाठच्या विद्यार्थ्यास ती परीकथा वाटते. त्यास जर त्याच्याच गावच्या १८७७ च्या, १९७२ च्या व २०२५ च्या नोंदी एका कागदावर दाखविल्या, आपल्या पणजोबांचे नाव तगाईच्या यादीत दाखविले, तर तो प्रश्न विचारू लागतो. अध्यापनाच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे इतके निश्चयाने सांगता येते की, प्रश्न विचारू लागलेला मुलगा घरी जाऊन बापाशी बोलतो, आणि शेतात काय पेरावयाचे याचा निर्णय तेथे होतो.

तो निर्णय लहान नव्हे. या जिल्ह्याचे पीक म्हणजे परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र निघाले व कानिटकरांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि विरळ पेरणी यांची पद्धत बसविली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे ज्ञान घरात असता उजनीच्या भरवशावर ऊस वाढत गेला आणि साखर कारखान्यांची संख्या फुगली. धरण मृतसाठ्यात गेले की पिण्याच्या पाण्याचा तंटा उभा राहतो. तसेच कोळशावर चालणारा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प सोलापूरनजीकच आहे. म्हणजे आपण नुसते आपत्तीचे भोक्ते नाही, तिचे अंशतः कर्तेही आहो. आस्मानी आणि सुलतानी यांच्यातील जुनी सीमारेषा येथे पुसली जाते. पूर्वी आभाळाचा दोष कोणास देता येत नसे. आता आभाळाच्या बिघाडातही मनुष्याचा हात आहे, आणि म्हणून तो सुधारण्याचे उत्तरदायित्वही मनुष्याचे आहे.

कृतीच्या दिशेने तीन सूचना करून लेख पुरा करतो. पहिली : प्रत्येक संग्राहकाने आपल्या संग्रहातील पाऊस, धारण, तगाई, स्थलांतर यांविषयीच्या उल्लेखांची चार रकान्यांची यादी करावी, मूळ शक वा सुहूर सन, इसवी तारीख, गाव आणि उल्लेख. कागद कोणास देण्याची आवश्यकता नाही. यादी व छायाचित्र पुरे. दुसरी : सोलापूर विद्यापीठाने या याद्या एकत्र करून गाववार छापाव्या आणि ज्या गावच्या नोंदी त्या गावच्या शाळेस व ग्रामसभेस द्याव्या. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आहे. तिच्यातील तरतुदी टिळकांच्या रीतीने सोप्या मराठीत त्याच पुस्तिकेच्या शेवटी जोडाव्या, कारण ज्ञान आणि हक्क ही एकत्र दिली तरच कृती होते. तिसरी : संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर वासराची भाकणूक होते, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या हालचालींवरून येत्या वर्षाचे पाऊसपाणी व धारण सांगितली जाते आणि हजारो लोक ती कान देऊन ऐकतात. पावसाविषयी ऐकावयास आपण होऊन जमणारा इतका मोठा श्रोतृसमाज कोणत्याही व्याख्यात्यास लाभत नाही. त्या श्रद्धेचा उपहास न करता, त्याच मैदानाच्या कडेस जिल्ह्याच्या पावसाचे गेल्या दीडशे वर्षांचे आकडे आणि जुने कागद मांडावेत. पाडव्याच्या पंचांगवाचनासही हाच न्याय लागू करावा. संवत्सरफलानंतर गावच्या मागील वर्षांच्या पावसाचा हिशेब वाचावा.

जिल्ह्याची वस्ती नऊ वर्षांत एक पंचमांशाने घटल्याचा आकडा वर दिला आहे. त्या लोकांची नावे कोठे ना कोठे रुमालांत बांधलेली आहेत. ती वाचून काढणे हे इतिहाससंशोधन होय. आणि ती वाचून पुढच्या पिढीस सावध करणे हेही इतिहाससंशोधनच होय. सभासदांनी या पावसाळ्यापूर्वी आपापले रुमाल एकदा सोडून पाहावेत, अशी विनंती आहे.

भवानी पेठ, सोलापूर